साडूंची बेटं
अख्ख्या कुवेतमध्ये, किंबहुना अख्ख्या आखातात, कॅरिबियन बेटांच्या व्यापारी भांडणांची सख्ख्या भावांच्या भांडणाइतकी काळजी करणारा माणूस एकच आहे, आणि तो नेमका माझा साडू निघावा हे माझं नशीब. साडूभाऊ सुलैबियातल्या फळांच्या कंपनीत केळी पिकवायच्या खोल्या सांभाळतात. बायकामुलं सावंतवाडीकडच्या गावी. इतक्या खोक्यांवर इतक्या देशांची नावं, मग सेंट लुशिया, डॉमिनिका या कॅरिबियन बेटांची केळी कुठे गेली, असा प्रश्न त्यांना एकदा पडला. दुसरा कोणी केळं सोलून गप्प बसला असता. हे फोनवर वाचत सुटले आणि दर शुक्रवारी जाब्रियाला आमच्याकडे जेवायला येऊन ते सगळं आम्हाला वाढू लागले. भाताचे ढीग म्हणजे बेटं, कडेची लिंबाची फोड म्हणजे गयाना (बेट नसूनही यांच्यात मोजलेला), आणि मधोमध ऐसपैस पसरलेला बांगडा म्हणजे युरोप. युरोपशी सगळ्यांनी मिळून व्यापाराचा एकच करार करायचा, पण केळीवाल्यांना एक हवं, साखरवाल्यांना दुसरं, तेल सापडलेल्या त्रिनिदादला तिसरंच. "मेजार बसण्याआधीच आपसात भांडान इल्ले! मग युरोप कित्याक ऐकतलो?" बांगडा थंड होतो आणि बायको माझ्याकडे रागाने बघते. माझ्या मुलीने एकदा विचारलं, "काका, हू केअर्स?" ते हसून म्हणाले, "बाय, साखरवाल्यांकाय असाच वाटला, म्हणान केळीवाले एकटे पडले."

त्यातही गयानावर त्यांचा फार जीव. बाकीच्यांनी करारावर सह्या केल्या तरी तो अडून बसला होता म्हणे. पुढे काय झालं, असं मी चेष्टेने विचारलं, तर घरात सुतक असल्यासारखा चेहरा करून म्हणाले, "केल्यान सही. एकटो किती बसतलो?"

हे सगळं मी हसण्यावारी नेत होतो. पण यंदा घरच्या गणपतीची पाळी साडूभाऊंची होती. चुलत्यांचं मोठं कुटुंब, पाळी यायला वर्षानुवर्षं जातात, आणि चतुर्थीला कोकणी माणूस गावी नसला तर त्याला जेवण गोड लागत नाही. त्यांच्या खात्यात कोकणातले पाच जण, कुडाळ, देवगड, मालवण, वेंगुर्ले आणि हे. पाचही जणांना सुट्टी हवी. साडूभाऊंना वाटलं, आता आपली वेळ आली. त्यांनी सगळ्यांना बसवून बेटांची कर्मकहाणी ऐकवली आणि ठरवलं की ईदच्या सुट्टीत पाचही जण काम करतील, बदल्यात चतुर्थीला पाचही जणांना सोडायचं. "एकट्यान कोणी मुदीराकडे जावचा नाय!"

मुदीर, म्हणजे त्यांचा इजिप्तचा साहेब, युरोपच्याच शाळेत शिकलेला असावा. त्याने आधी साडूभाऊंनाच बोलावलं, चहा पाजला आणि म्हणाला, तू जा, बाकीच्यांचं मी बघतो. हे म्हणाले, सगळ्यांना द्या, नाहीतर कोणालाच नको. मग त्याने बाकीच्यांना एकेकटं बोलावलं. चौघांनीही चहा प्याला आणि चौघांनीही आपापल्या रजेच्या कागदावर गुपचूप सह्या केल्या. खोल्यांपाशी कोणीतरी हवंच, म्हणून साडूभाऊ राहिले. मी भडकलो आणि त्यांना मूर्ख म्हणालो.

चतुर्थीला ड्यूटी आटोपून ते आमच्याकडे आले. बायकोने मोदक केले होते. पूजेला गावी चुलतभाऊ बसला होता. संध्याकाळच्या आरतीच्या वेळी साडूभाऊंनी गावी व्हिडिओ कॉल लावला, आणि बघतो तर त्यांच्या माजघरात, टाळ हातात घेऊन, कुडाळ, देवगड, मालवण, वेंगुर्ले असे चौघे उभे! आपापल्या घरचे गणपती टाकून आले होते. कुडाळवाला पुढे आला. "काकानू, चुकला आमचा."

"चुकता तो ताल," साडूभाऊ ओरडले, "आरती नीट म्हणा!" आणि इथून टाळ्या वाजवत संपूर्ण आरती त्यांच्याबरोबर म्हणाले.

फोन बंद झाल्यावर मात्र ते हातातल्या मोदकाकडे बघत बसून राहिले. मोदक तसाच होता. मी खुर्ची त्यांच्याजवळ ओढली आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच आपणहून विचारलं, "साडूभाऊ, त्या बेटांचं सध्या काय चाललंय हो?"