खुंटांचा तक्ता

हसुराम घरत गेला त्याला आता पाच आठवडे झाले. फोन आला तेव्हा मी संस्थेत टेबलावरच्या कागदांत चष्मा शोधत होते. पलीकडून त्याच्या कॉलेजातले कुणी प्राध्यापक सांगत होते की घरतसर स्टाफरूममध्ये खुर्चीतून उठताना कोसळले आणि दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं. मी "बरं" म्हटलं. फोन ठेवल्यावर पहिला विचार आला तो दुःखाचा नव्हता. लिहायला लाज वाटते, पण लिहिते. आता त्याला सांगता येणार नाही, हा तो विचार होता. सहा वर्षं मी त्याच्यापाशी एक गोष्ट कबूल करायची ठरवत होते, आणि दर वेळी चहा पिऊन, इकडचं तिकडचं बोलून परत येत होते. फोन आल्यापासून माझं चित्त ठिकाणावर नाही. भाजी चिरायला घेते आणि अर्धवट टाकून गॅलरीत जाऊन उभी राहते...

ऐंशीच्या दशकाच्या शेवटी आम्ही दोघं मुंबईच्या एका संशोधन संस्थेत पाठोपाठ रुजू झालो. दोघंही पनवेलचे, म्हणजे मी उरण नाक्याजवळची आणि तो खाडीकडच्या मिठागरांच्या गावातला. ओळख झाली ती एस.टी.च्या रांगेत. संस्थेत बहुतेकांना ताऱ्यांचं वेड होतं, घरतला ताऱ्यांचं फारसं कौतुक नव्हतं. तारा म्हणजे मागे ठेवलेला दिवा, त्याच्या उजेडात अधल्यामधल्या पोकळीत पसरलेली धूळ आणि वायू बघायचे, असं त्याचं काम. "मला मधलं बघायचंय," एवढंच तो सांगायचा, आणि पुढे आम्ही सगळेच त्या आंतरतारकीय द्रव्याला 'मधलं' म्हणू लागलो. या मधल्याची ओळख पटते ती मुख्यतः अतिनील प्रकाशात, आणि तो प्रकाश आपली हवा खाली येऊच देत नाही. म्हणून दुर्बीण उपग्रहावर बसवून वर पाठवलेली. उपग्रह परक्या देशांचा. आम्ही अर्ज करायचा, वेळ मिळाला तर निरीक्षणं तिकडे घेतली जायची आणि काही महिन्यांनी चुंबकीय फितीचं जाडजूड पार्सल टपालानं यायचं. त्यामुळे घरत दहा ते पाच कागदांवर तारे बघायचा आणि नऊला गाढ झोपायचा. मी त्याला कारकून म्हणून चिडवत असे. तोही कबूल करायचा की खरे तारे ओळखायला त्याला अजून चारचौघांना विचारावं लागतं.

त्याच्या घरी मी प्रथम गेले तेव्हा त्याचे वडील ओटीवर बसले होते. जन्मभर मिठागरावर काम केलेला माणूस, पांढऱ्या मिठावरून उसळणाऱ्या उन्हानं डोळे जवळजवळ गेलेले. मुलगा करतो काय, हे त्यांना कुणी नीट सांगितलं नव्हतं. त्या दिवशी घरतनं सांगितलं की उन्हात न दिसणाऱ्या प्रकाशाचे दोन भाऊ असतात, धाकटा खाली येऊन तुमच्या डोळ्यांना लागला, थोरला वर हवेतच अडतो आणि मी त्या थोरल्याचं काम करतो.

"मंजे माझं डोलं ज्यानी खाल्लं, त्याच्याच मागं तू लागलायस," ते म्हणाले आणि हसले. घरत मात्र हसला नाही.

फितीवरचे आकडे संगणकातून काढून आम्ही त्यांचे लांबलचक आलेख छापून घ्यायचो. वर वर्णपटाची वेडीवाकडी रेघ, आणि तिच्यात जिथे जिथे खाच, तिथे काहीतरी प्रकाश गिळणारं आहे असं समजायचं. रुंद खाच बहुधा ताऱ्याची स्वतःची, बारीक खाच बहुधा मधल्याची. रविवारी हे आलेख माझ्या पनवेलच्या घरी जमिनीवर पसरलेले असत. घरत करंजा बंदरातून आणलेले सुके बोंबील रद्दी आलेखांत गुंडाळून माझ्या आईसाठी घेऊन यायचा, त्यामुळे आमच्या कित्येक ताऱ्यांना बोंबलांचा वास होता. या कामात एक फसगत ठरलेली असायची. उपग्रहावरच्या कॅमेऱ्याच्या काचेवर मापासाठी ठरावीक अंतरावर बारीक ठिपके कोरलेले होते. वर्णपट नेमका एखाद्या ठिपक्यावरून गेला की तिथे खाच दिसे, अगदी मधल्याच्या खाचेसारखी. मिठागराच्या पोराला शोभेल असं नाव घरतनं त्या ठिपक्यांना दिलं होतं, खुंट, मिठाच्या वाफ्यांच्या हद्दीवर रोवतात तसे. कुठला खुंट कुठे येतो याचा तक्ता आमच्याकडे होता आणि कुठलीही नवी खाच आधी त्याच्याशी ताडून बघायची, हा नियम होता. आपली खाच दुसऱ्यानं ताडायची, हाही.

एका काळ्या ढगामागच्या दोन ताऱ्यांत घरतला अशी एक बारीक खाच सापडली जी कुणाच्याच यादीत नव्हती. ढगाआड नसलेल्या तिसऱ्या ताऱ्यात ती नव्हती. म्हणजे ढगातलंच काहीतरी, आजवर न पाहिलेलं. इतका अस्वस्थ मी त्याला कधी पाहिला नव्हता, चहाचा कप हातात घेऊन खोलीभर फिरायचा. त्याची कायमची नेमणूक त्याच वर्षी ठरायची होती. मोजमापं आणि तक्ता त्यानं ताडायला माझ्याकडे दिले. त्या आठवड्यात मी माझा स्वतःचा निरीक्षणाचा अर्ज लिहीत होते. कागद शिवणयंत्रावर चार दिवस पडून राहिले. पाचव्या दिवशी मी पहिल्या आठ ओळी ताडल्या, त्यांतला एकही खुंट त्या खाचेच्या जागी येत नव्हता, आणि पुढच्या सगळ्यांवर मुकाट्यानं बरोबरच्या खुणा करून खाली 'तपासले' लिहून सही ठोकली. "नीट बघितलंस ना?" त्यानं विचारलं. मी म्हटलं, बघितलं.

शोधनिबंध छापून आला. अखेरीस माझे आभार होते. सहा महिन्यांनी परदेशातून एक सभ्य, थंड पत्र आलं की ही खाच म्हणजे कॅमेऱ्यावरचा ठिपका आहे. तिसऱ्या ताऱ्याचा वर्णपट दुसऱ्या कॅमेऱ्यानं घेतलेला, म्हणून त्यात ती दिसत नव्हती. मी तेव्हा बोलायला हवं होतं. घरतनं त्याच दुपारी निबंध मागे घेण्याचं पत्र टाईप केलं. त्यात लिहिलं होतं की 'तपासणीत माझ्याकडून चूक झाली'. माझ्याकडून. म्हणजे घरतकडून, माझं नाव कुठेच नव्हतं. मी ते वाचलं, परत दिलं आणि एक स्वल्पविराम सुचवला! त्याची नेमणूक झाली नाही. पुढच्या जूनमध्ये तो पनवेलच्या कॉलेजात शिकवू लागला आणि मी संस्थेत एकेक पायरी वर चढत गेले.

आमचं येणंजाणं सुटलं नाही, हेच मला अधिक छळतं. दर शनिवारी यायचा, कॉलेजातल्या मुलांच्या करामती सांगायचा, माझ्या नव्या आलेखांवर वाकून बघायचा. एकदा मी विषय काढलाच होता. "घरत, तो तक्ता..." असं म्हटलंही. त्यानं चटकन मला आपटा फाट्यावरच्या रस्त्याच्या कामाचं काहीतरी सांगायला सुरुवात केली. मी सुटकेचा निःश्वास टाकला. उपग्रह कायमचा बंद केल्याची बातमी आली त्या शनिवारी त्यानं माझ्या आलेखांकडे पाहिलंही नाही. आता ते आकडे पुन्हा कुणी घेणार नाही, घेतले तेवढेच, चुकांसकट, असं काहीसं म्हणाला आणि लवकर उठला.

तेराव्यानंतर त्याच्या बायकोनं, पार्वतीवहिनींनी, माझ्या हातात एक किल्ली ठेवली. "त्यांच्या प्रयोगशालेतल्या कपाटातलं आमाला काय कलत नाय. तुमीच बगा," त्या म्हणाल्या. गेल्या गुरुवारी गेले. कपाटात मुलांची जर्नलं होती. प्रत्येक प्रयोगाखाली उद्देश, कृती, निरीक्षणं, अनुमान, आणि मग कुठल्याही विद्यापीठाच्या जर्नलात नसलेला एक रकाना: 'न पाहिलेले'. मुलांनी त्यात काय काय लिहिलं होतं. तापमापीचा शून्य बघितला नाही. तिसरं वाचन शेजारच्याचं उतरवलं. खाली लाल शाईत घरतचं 'शाबास'. सगळ्यात खाली त्याचं स्वतःचं नमुन्याचं जर्नल होतं. प्रयोग एकच, एका वर्णपटातली आकाशातली नसलेली खाच शोधणे. आलेख आमचाच, तोच. अनुमानाखालच्या त्या रकान्यात त्याच्या टपोऱ्या अक्षरात एकच ओळ: 'खुंटांचा तक्ता. आम्ही दोघांनी.'

म्हणजे त्याला माहीत होतं. मला आधी संतापच आला. इतके शनिवार समोर बसून चहा प्यायला, आणि... मग कळेना की या माणसानं मला माफ केलं, की माझ्या बोलण्याची वाट बघितली, की माझ्यावर ठेवलेल्या स्वतःच्या विश्वासालाही चुकीत धरलं. ज्याला विचारायचं तोच नाही. जर्नलाच्या पुठ्ठ्यात घडी घालून तो तक्ता ठेवलेला होता, माझ्या खुणांसकट, माझ्या सहीसकट. मी प्रयोगशाळेतलं स्टूल ओढून बसले, आलेख पसरला, पट्टी घेतली आणि नववी ओळ ताडायला लागले. खुंट एकोणिसाव्या ओळीत सापडला. तरी मी शेवटच्या ओळीपर्यंत गेले. सगळं मिळून चाळीस मिनिटं लागली.