आबांचं शेवटचं दर्शन आणि विमानाचं यंत्र

माझ्या सासऱ्यांना, आबांना, अग्नी दिला तेव्हा मी धावपट्टीच्या कुंपणाशी उभा होतो.

दोष यंत्राचा नाही, आधीच सांगतो. धाकटा मेहुणा शरद परदेशात छोटी विमानं उडवतो. एकदा सुट्टीवर आला आणि वाट दाखवणारं आपलं जुनं यंत्र माझ्या हातात ठेवून गेला. “दाजी, तुम्ही सायन्सचे मास्तर. तुम्हाला जमेल!” (या वाक्याने माझं आयुष्यात फार नुकसान केलंय.) सावद्याजवळचा आबांचा मळाही त्याने त्यात भरून दिला होता. धुळ्याला आमच्या घराच्या गच्चीवर दोन महिने मी कळा दाबल्या. एक दाबली की पान बदले, दुसरी दाबली की मेनू येई, तिसरी दाबली की दोन्ही गायब!

नव्वदचं दशक संपत आलेलं. एप्रिलात एका सकाळी सहाला थोरल्या मेहुण्याचा फोन आला. आबा गेले. “ऊन फार आहे. कमलसाठी दोनपर्यंत थांबतो, पुढे नाही.”

कमल म्हणजे माझी बायको, आबांची एकुलती लेक. पोटभर रडली, तोंड धुतलं आणि म्हणाली, “अहो, मला आबांचं तोंड बघायचंय. तेवढं करा.”

भिलाभाऊंची जीप ठरवली. सरळ हायवेने गेलो असतो तर बाराच्या आत पोचलो असतो. पण मी सरळ जाणारा माणूस आहे का! एरंडोलला मी यंत्र काढलं. यादीतून मळा निवडायचा होता. ते सोडून मी ‘सगळ्यात जवळचं’ दाखवणारी कळ दाबली. म्हटलं, जवळचा रस्ता दाखवेल. बाण आला, अंतर आलं. अंतर बघून तर मी हरखलोच, कारण ते हायवेच्या निम्म्याहून कमी होतं!

“भिलाभाऊ, उजवीकडे घ्या.”

“मास्तर, सावदानी वाट समोर शे!”

“यंत्र सांगतंय.”

“कोनले तरी इचारूत ना!”

“विमानं यावर चालतात, भिलाभाऊ!”

जीप कपाशीच्या रिकाम्या वावरांतून निघाली. बाण सरळ होता, वाट नव्हती. तासाभराने समोर गिरणा नदी. पूल? विमानाला पूल कशाला लागतो! पात्र कोरडं बघून मी जीप आत घालायला लावली आणि चारही चाकं वाळूत बसली. मी ढकलत होतो, कमल ढकलत होती. ती ढकलताना रडत होती. मला तेव्हा स्वतःच्याच दोन थोबाडीत माराव्याशा वाटल्या, पण दोन्ही हात जीपला लावलेले होते.

शेवटी वाळूवाल्यांनी बैल लावून जीप बाहेर काढली. दोन वाजता यंत्रावरचं अंतर शून्य झालं. समोर तारेचं कुंपण, एक लांब डांबरी पट्टा, चरणाऱ्या शेळ्या आणि एक वॉचमन.

“कोण पाहिजे?”

“आबांचा मळा...”

“इथं विमानं उतरतात. तीबी क्वचित.”

यंत्राने अगदी बरोबर दाखवलं होतं. सगळ्यात जवळचा विमानतळ, जळगाव! वैमानिकाला अडचणीत तेवढंच हवं असतं. कमलने घड्याळाकडे बघितलं आणि जाऊन जीपमध्ये बसली.

चारला पोचलो. स्मशानातून माणसं परतत होती. कमल केळीच्या बागेच्या कडेला खाली बसली आणि लांबच्या धुराला तिने हात जोडले. ते मी आजही विसरलेलो नाही.

पुढचे दहा दिवस ती माझ्याशी बोलली नाही.

दहाव्याला नदीवर पिंड ठेवले. कावळा शिवेना. झाडावर बारा-पंधरा बसलेले, एक खाली येईल तर शपथ! थोरला मेहुणा म्हणाला, “आबा, आईला अंतर देणार नाही.” नाही. शरद परदेशातून आलेला, तो म्हणाला, “दरवर्षी येईन.” तरी नाही. तास झाला, ऊन चढलं. मग सगळे हळूहळू माझ्याकडे बघायला लागले.

मी पुढे झालो, हात जोडले. “आबा, चुकलो. लेकीची भेट माझ्यामुळे हुकली. यापुढे वाट माणसालाच विचारीन.”

एक कावळा उठला, माझ्या डोक्यावरून सरळ आला आणि पिंडाला शिवला.

मागून कमलचा आवाज आला, दहा दिवसांनी पहिल्यांदा. “बघा. त्याला बरोबर सापडलं.”