तांदळात लिहिलेलं नाव

निहार परब हा पेडणे तालुक्यातल्या चोपड्याचा. गोवा घटकराज्य झालं त्याच वर्षी जन्मला, त्यामुळे त्याचं वय काढायला आजोबांना कधी अडचण पडली नाही. इंजिनियर होऊन तो डिचोलीला सगुणशेटच्या कंपनीत लागला. कंपनी म्हणजे टायरच्या दुकानावरच्या दोन खोल्या. खाणीचे ट्रक खालून गेले की तांबडी धूळ जनेलातून आत येऊन कीबोर्डवर बसायची.

तिथं त्याला पहिलं मोठं काम मिळालं ते डिचोलीतल्याच एका खाजगी इस्पितळाचं. पेशंट, डॉक्टर, खोली, बिल, सगळं डेटाबेसच्या टेबलांत बसवायचं होतं. त्यासाठी निहारने सगळ्यांच्या मुळाशी एक सामाईक इंटरफेस आखला. टेबलात जाऊ पाहणाऱ्या प्रत्येक वस्तूने तीन प्रश्नांची उत्तरं द्यायची: तू कोण, कधी आलास, शेवटचा कधी बदललास. पहिल्या प्रश्नाचं उत्तर सारखं आलं तर वस्तू तीच. निराळं आलं तर नवी.

जगभर या पहिल्या प्रश्नाला एक कोरडा क्रमांक उत्तर म्हणून देतात. निहारला ते माणुसकीला धरून वाटलं नाही. चोपड्यात धक्क्यावर उतरलेल्या माणसाला कोणी क्रमांक विचारत नाही; ‘खंयचो? कोणाचो?’ एवढंच विचारतात आणि तेवढ्यावर सात पिढ्या कळतात. म्हणून त्याच्या पेशंटने स्वतःचं नाव, घरच्या कर्त्याचं नाव आणि गाव सांगायचं असं ठरलं.

“ह्याका म्हणतात आपलो सॉफ्टवेअर,” सगुणशेट म्हणाला, आणि वाटाण्याची पातळभाजी नि पाव मागवले.

वर्षभर काही बिघडलं नाही. त्याच वर्षात निहारच्या धाकट्या बहिणीला, दिपालीला, त्या इस्पितळात पेनिसिलिनचं इंजेक्शन दिलं आणि तिचा गळा सुजून श्वास बंद व्हायची वेळ आली. तिच्या नोंदीवर अ‍ॅलर्जीच्या इशाऱ्याची तांबडी पट्टी चढली. पुढच्या मे महिन्यात तिचं लग्न झालं. साखळीच्या योगेशने ताटातल्या तांदळात अंगठीने ‘संजना’ असं लिहिलं, आणि सगळ्यांत जोरात टाळ्या वाजवल्या त्या निहारने.

ऑगस्टात योगेशचा फोन आला. स्कूटर घसरून दिपालीच्या पायाला खोल जखम झाली होती आणि टाके घालायला तिला गुंगी दिली होती.

“घाबरू नको. तुझ्याच सॉफ्टवेअरच्या इस्पितळात आणलीय. बघितलं त्यांनी. नवी पेशंट, कसलीच अ‍ॅलर्जी नाय.”

निहारच्या हाताला घाम सुटला. नाव निराळं, कर्ता निराळा, गाव निराळं. तिन्ही उत्तरं बदलली होती.

“भावोजी, तिला पेनिसिलिन...”

फोन कापला गेला. पुन्हा लावला तर बंद. इस्पितळाचा नंबर एंगेज. तो जिना उतरून रस्त्यावर आला. बाजारात ट्रकांची रांग अडकली होती, म्हणून दोन ट्रकांच्या मधून अंग चोरून तो पळाला. जाताना त्याला तिचा सुजलेला गळा दिसत होता, आणि त्याच्यामागे, नको असतानाही, स्वतःची ती तीन प्रश्नांची सुबक आखणी.

ड्रेसिंगच्या खोलीच्या दारात शालिनी सिस्टर उभी होती. हातातल्या ट्रेमध्ये भरलेली सिरिंज.

“पेनिसिलिन?” त्याने विचारलं.

“तुमी कोण पेशंटाचे?”

“भाऊ. देऊ नका. तिला चालत नाही.”

“कंप्युटरात तसं काय नाय.”

“कंप्युटरातलं मीच केलंय!”

“मग तुमका ठावक असतला,” सिस्टर शांतपणे म्हणाली, आणि दाराकडे वळली.

निहारने ट्रेच धरला. “दिपाली म्हणून शोधा. दिपाली रामचंद्र परब, चोपडे. पाया पडतो.”

सिस्टरने त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं, ट्रे टेबलावर ठेवला आणि टाइप केलं. पडद्यावर तांबडी पट्टी आली. सिरिंज उचलून तिने कचऱ्याच्या डब्यात टाकली आणि डॉक्टरांना हाक मारली.

संध्याकाळी दिपाली शुद्धीवर आली. सगळं ऐकून म्हणाली, “म्हणजे तुझ्या यादीत मी दोघी होते?”

“हो.”

“आणि एकटीच मरणार होते. बरं आहे.”

निहारने इंटरफेस बदलला. आता प्रत्येकाला एक कोरडा क्रमांक मिळतो. लग्न झालं काय, गाव सोडलं काय, तो बदलत नाही. “कैदी काय आमी?” असं सगुणशेटने विचारून पाहिलं. नव्या बायका जुन्या मुलींशी जोडायला निहार घरोघर फोन करू लागला. एका सासूने “माहेरचं नाव? तें आमी कित्याक लक्षात ठेवतले?” असं म्हणून फोन ठेवला. तशा किती राहिल्या, हे त्याला माहीत नाही. तांबडी पट्टी एकीकडे आणि माणूस दुसरीकडे.

तेव्हापासून मांडवात तांदळाचं ताट आलं की त्याच्या हाताला घाम सुटतो. तो उठतो, वरमाईला ओलांडून वधूच्या आईकडे जातो आणि खाली वाकून विचारतो, हिला कसलं औषध चालत नाही का? पेडण्यात आता त्याला लग्नाची आमंत्रणं कमी येतात. आलं की मात्र तो जातोच.