गोजराबाईचं चौथं फूल

गोजराबाईला स्वस्थ बसणं ठाऊकच नव्हतं. देवळाली कॅम्पच्या बाजारात एका शिंप्याच्या दुकानात ती रफूचं काम करायची. साहेबाचा कोट असो की त्याच्या बाईची शाल, कुठं फाटलं होतं ते मालकालाही सापडू नये, असा तिचा हात. पण काम संपलं की बाईच्या पायाला पुन्हा भिंगरी. "घडीभर बूड टेकव की गं," नवरा मल्हारी कावून म्हणायचा, तोवर ती अंगण झाडायला गेलेली असायची.

अठ्ठ्याहत्तर सालची गोष्ट. नाशिकच्या एका कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्या गायधनी मॅडम यजमानांचा कोट घ्यायला आल्या आणि रफू शोधून शोधून दमल्या. मग म्हणाल्या, "बाई, वाळलेली झाडं कागदावर टाचून द्याल का? पैसे मात्र द्यायला नाहीत आमच्याकडे." वाळलेल्या झाडाला कोण टाके घालतं, या नवलापोटीच बाई दुकानाच्या सुट्टीला, सोमवारी, बस धरून कॉलेजात हजर झाली.

खोलीभर लोखंडी कपाटं आणि डांबरगोळ्यांचा वास. कपाटांत जाड कागदांवर कितीतरी वर्षांपूर्वी दाबून वाळवलेल्या फांद्या. कोणत्या डोंगरावरून, कोणत्या महिन्यात तोडल्या, ते खाली लिहिलेलं. डिंक सुटला होता, देठ लोंबत होते. बाईनं बारीक सुईनं एकेक देठ टाचायला घेतला आणि तिचा तो चळवळ्या जीव चक्क रमला. मग दर सोमवारी तिची फेरी ठरलेली. मॅडम सांगायच्या, "उद्या जंगल तुटलं तरी हा कागद सांगेल, हे झाड तिथं होतं म्हणून. कुणी नवीन झाड आणलं तर तेही याच्याशीच ताडून बघायचं." बाई मान डोलवायची. कळलं होतं कितपत, देव जाणे.

कारण एक दिवस तिला कपाटाच्या तळाशी एक पुडी सापडली. गळून पडलेली फुलं कुणीतरी जमवून ठेवली होती. इकडं कागदांवर काही फांद्या अगदीच ओक्याबोक्या. बाईला ते बघवेना, हात शिवशिवायला लागले. तिनं रंगाला रंग लावला, देठाला देठ जुळवला आणि चार फांद्यांना चार फुलं बसवून टाकली. सांगायचं काय त्यात? शाल दुरुस्त करून देताना आपला धागा कोणता, हे कुणी सांगत बसतं का?

दोन वर्षांनी पुण्याहून सोनवणे नावाचे संशोधक आले. भिंगातून बघता बघता ते ताडकन उठले. "मॅडम, पानं एका जातीची आणि फूल भलतंच! कागदावर कळवणकडचा डोंगर लिहिलाय. असं झाड अजून कुणी नोंदवलेलंच नाही. नवी जात आहे ही!" मॅडमचा चेहरा नुसता उजळून निघाला.

कोपऱ्यात सुईत दोरा ओवणाऱ्या बाईनं तो कागद ओळखला. जात कसली नवी? ती तिनं जोडली होती. बोलावं, तर मॅडम पुन्हा या खोलीत पाऊल ठेवू देणार नाहीत, आणि जगात दुसरीकडं कुठं तिचा जीव रमत नव्हता. ती दोराच ओवत राहिली. फोटो काढून, येत्या पावसाळ्यात कळवणचे डोंगर पालथे घालायचं ठरवून सोनवणे निघून गेले.

बाई बसथांब्यावर आली. देवळालीची बस आली नि गेली. दुसरी आली, तीही गेली. बाई चढेचना, नुसती पुढं-मागं करत राहिली. तो बिचारा साहेब पावसाचिखलात डोंगर हिंडतोय आणि शोधतोय ते झाड कधी उगवलंच नव्हतं, एवढंच तिला दिसत होतं. "जळो माझे हात," ती पुटपुटली आणि एसटी स्टँडकडं धावत सुटली.

पुण्याची गाडी सुटायच्या बेतात होती. खिडकीचा गज धरून बाई धापा टाकत ओरडली, "साहेब, खाली उतरा! ते फूल म्या लावलंय. दुसऱ्याच झाडाचं हाय. नवं-बिवं काय बी नाय!" गाडीतली माणसं टकामका बघायला लागली. सोनवणेंचं तोंड उतरलं. ते गाडीतून उतरून तिच्याबरोबर कॉलेजात परत आले.

मॅडमनी सगळं ऐकलं आणि तो कागद बाईच्या पुढ्यात ठेवला. ओरडल्या असत्या तर बरं, असं बाईला झालं. "गोजराबाई," त्या म्हणाल्या, "हे झाड साक्षीदार आहे हो. साक्षीदाराच्या तोंडी आपले शब्द घालायचे नसतात. अशी किती केलीत?"

"चार. ह्ये धरून."

"शोधून द्या सगळी."

तीन सापडली. बाईनं टाके उसवून ती फुलं पुन्हा पुडीत टाकली. चौथं काही सापडेना. भिंग लावून झालं, कागद उजेडात धरून झाले. स्वतःचाच टाका तिला दिसेना. ती रडली, चिडली, स्वतःच्या बोटांना शिव्या घातल्या. सोमवारमागून सोमवार, वर्षामागून वर्ष ती कपाटं उपसत राहिली. मॅडमनी तिला येऊ नका म्हटलं नाही, पण एकदा त्यांनाही ते बघवेना.

"पुरे करा आता. हजारो कागदांतलं एक. कुणाच्या लक्षातसुद्धा येणार नाही."

"तीच तर भीती हाय, मॅडम," बाई म्हणाली.

मग बाहेरगावचं कुणी कपाटं बघायला आलं की ती सुई खाली ठेवून पुढं व्हायची. पाहुण्याला हसू येवो की राग, मॅडम अवघडून खिडकीबाहेर बघोत, बाई सांगितल्याशिवाय राहायची नाही.

"बघा, साहेब, खुशाल बघा. पन यात एक फूल खोटं हाय. कुठलं, ते मलाबी घावत नाय. माझं नाव गोजराबाई, तेवढं लिहून घ्या. झाडाला बोल लावू नका."