केकला त्रैराशिक लागत नाही

३१ जानेवारी, शुक्रवार, सकाळचे सव्वादहा. ऑर्डर तीन किलोच्या चॉकलेट केकची. रक्कम एकवीसशे, पैकी हजार अ‍ॅडव्हान्स आलेला. जागा भद्रावतीतलं माझं किचन. हजर दोघी, मी आणि शेजारच्या कमलबाई. ओव्हनचं दार उघडं होतं आणि केकमध्ये खुपसलेली काडी ओल्या घोळाने माखून बाहेर आली होती.

केक झाला की नाही, ते आम्ही काडी घालून बघतो. कोरडी आली तर झाला. ही काडी कढीत बुडवल्यासारखी दिसत होती. वरची बाजू मात्र काळी पडली होती.

चूक माझीच होती. केक करायला लागण्याआधी मी एका पतसंस्थेत हिशेब लिहीत होते. ती सवय गेलेली नाही. एक किलोचा केक भाजायला पाऊण तास लागतो. मग तीन किलोच्या एकाच केकला किती? मी त्रैराशिक मांडलं, उत्तर आलं सव्वादोन तास. आठला केक आत ठेवला आणि घड्याळ लावून भाजी चिरायला बसले.

ऑर्डर घुग्घुसच्या वामनभाऊंची होती. त्यांच्या पत्नी सुनंदाताई अंगणवाडी सेविका. त्याच दिवशी रिटायर होणार होत्या. चार वाजता अंगणवाडीत कार्यक्रम, मुलं त्रेचाळीस, मोठी माणसं सतरा. ऑर्डर देताना भाऊ म्हणाले होते, "ताई, तिनं तीस वर्षं लोकायच्या पोरायचे वाढदिवस केले. तिचं नाव कोन्याच केकवर आलं नाई. मोठा गोल केक करा, अन त्यावर मोठं नाव टाका."

अडीच वाजता ते न्यायला येणार होते.

"मधातलंच कच्चं राह्यलं ना?" कमलबाईंनी वाकून पाहिलं.

"हो."

"मग मधातलं काढूनच टाक ना."

"बाई, चेष्टा नका करू हो."

"चेष्टा नाई करून राह्यली," म्हणत त्या घरी गेल्या आणि माळ्यावरून जुनं अ‍ॅल्युमिनियमचं भांडं घेऊन आल्या. गॅसवर केक करायचं ते रिंगचं भांडं. गोल, आणि मध्यभागी उभी नळी. खाली वाळूची ताटली, वर काचेची खिडकी असलेलं झाकण. लग्नात मिळालेलं. मी ते किती वेळा पाहिलं होतं आणि जुनाट म्हणून सोडून दिलं होतं.

मधली नळी शोभेसाठी नसते. तिच्यातून गरम हवा वर जाते, त्यामुळे घोळ बाहेरून भाजतो तसा आतूनही भाजतो. मी पट्टी लावली. माझ्या दहा इंची डब्यात मधला घोळ कडेपासून पाच इंच लांब होता. रिंगमध्ये तो कडेपासून किंवा नळीपासून कुठेही दीड इंचापेक्षा लांब नसता. मोजायचं होतं ते हे अंतर. मी मात्र किलो मोजत बसले होते.

मग पाणी ओतून भांड्याचं माप घेतलं. दोन लिटर मावलं. केकला फुगायला जागा लागते, म्हणून अर्धंच भरायचं. म्हणजे एका वेळी एक किलोचा केक, आणि तीन वेळा तेच. एका घाण्याला पस्तीस मिनिटं, काढून थंड करायला पंधरा. तीन घाणे, अडीच तास. दर वेळी घोळ ताजा करायचा, कारण एकदम करून ठेवला तर बेकिंग पावडरचा दम जातो. नळीला खालपासून वरपर्यंत तूप आणि मैदा लावायचा, नाहीतर केक तिथेच चिकटतो आणि काढताना फाटतो.

नळी कमलबाईंनी माखली. "ताई, तुले हिशेब येते, मले तूप लावता येते," म्हणाल्या. तिन्ही केक अख्खे निघाले. पावणेदोन वाजले होते. वरून चॉकलेट ओतलं आणि प्रत्येक केक वजन करून पाहिला. तिन्ही किलोच्या थोडे वरच भरले.

वामनभाऊ वीस मिनिटं आधीच आले. ओट्याकडे बोट दाखवलं.

"ताई, हे तं मेदूवडे झाले."

मी सगळं खरं सांगितलं. त्रैराशिकासकट.

"ते ठीक हाय. पन मधातला केक कुठी गेला?"

"भाऊ, कुठी गेला नाही. वजन करून दाखवते."

काट्यावरचे आकडे त्यांनी वाचले, मान हलवली. पण चेहरा उतरलेलाच. "वजन बरोबर हाय. नाव कुठी लिहाल? भोकात?"

केकची वरची बाजू गोलसर, त्यावर ओतलेलं चॉकलेट अजून ओलं. मी पैसे परत करायला पाकीट आणायला वळले.

"थांब," कमलबाई म्हणाल्या. "भाऊ, तुमच्या बाईचं नाव काय?"

"सुनंदा."

"अक्षरं किती?"

भाऊंनी बोटांवर मोजलं. "सु, नं, दा. तीन."

"अन भोकं किती?"

भाऊ हसले. त्या दिवशी पहिल्यांदा.

नाक्यावरून मारी बिस्किटांचा पुडा आणला. मारी त्या भोकावर झाकणासारखं नेमकं बसलं. प्रत्येकावर पांढऱ्या क्रीमने एक एक अक्षर लिहिलं. 'नं'चं टिंब जरा मोठंच पडलं. घुग्घुसच्या रस्त्यावर कोळशाच्या ट्रकांची धूळ फार, म्हणून तिन्ही केक झाकणाच्या स्टीलच्या डब्यांत दिले. एका रिंगचे वीस तुकडे कसे पाडायचे, तेही सांगितलं. आधी चार भाग, मग प्रत्येकाचे पाच.

सहा वाजता फोन आला. सुनंदाताई स्वतः बोलत होत्या.

"ताई, जयभीम. साठ तुकडे बरोब्बर झाले. सगळे सारखे. कोन्या पोराले लहान आला नाई, म्हणून कोनी रडलं नाई. असं माझ्या अंगणवाडीत पहिल्यांदा झालं."

"अन बिस्किटं कोणाला गेली?"

"कोनालेच नाई देली. डब्यात ठेवून घरी आनली."

"ती मऊ पडतील हो."

"पडू द्या," त्या म्हणाल्या, आणि पुन्हा जयभीम म्हणून फोन ठेवला.

शिकले ते एवढंच. हिशेब चुकत नाही, पण काय मोजायचं ते आधी कोणाला तरी विचारावं. ज्यांना विचारावं ती माणसं बहुतेक वेळा शेजारीच राहतात.

उरलेले अकराशे वामनभाऊंनी पूर्ण दिले. ऑर्डरप्रमाणे माल नव्हता म्हणून मी शंभर कमी घेत होते, त्यांनी ऐकलं नाही. जळक्या केकच्या सामानाचा खर्च माझा मी सोसला. कमलबाईंना भांड्याचं भाडं विचारलं, तर म्हणाल्या, "वाळवून दे. ओलं ठेवलं का काळं पडते." म्हणजे त्या दिवशी ज्या दोन गोष्टींनी काम निभावलं, त्यांतलं भांडं फुकट मिळालं आणि मारीच्या पुड्याचे दहा रुपये तेवढे मी नाक्यावरच्या किराणावाल्याला दिले.