सगुणाच्या घरचा रविवार

माहुलची सगुणा कोळीण आमच्या दारी मासळी विकायची. शहाऐंशी साली एका रविवारी तिने आम्हा बहिणींना घरी जेवायला बोलावलं. तिच्या नवऱ्याने, काशीरामने, होडीतून खाडी फिरवली. आम्ही म्हाताऱ्या असूनही पोरींसारख्या खिदळलो. जेवायच्या वेळी चुलीपाशी टोपलीत बर्फ दिसला. घरच्या मासळीला सगुणा कधी बर्फ लावत नसे.

"मासे विकत आणलेस?" मी सरळ विचारलं.

"खाडीत आता काय गावत नाय, बाय. यांच्यापुढं इचारू नका, यांना लागतं."

काशीराम पाणी घेऊन आला. मी मोठ्याने म्हटलं, "काशीराम, तुमच्या जाळ्यातल्या मासळीची चव वेगळीच."

त्याने तांब्या खाली ठेवला. "होडी उद्यापासून दुसऱ्याची, ताई. तुमाला फिरवायला आजच्यापुरती ठेवली व्हती."

सगुणाने न विचारता माझ्या ताटात आणखी एक तुकडी वाढली. मी ती खाल्ली.