बाजूला धरलेली सुई

आमच्या गल्लीतल्या बायकांच्या शिवणमंडळात हल्ली जपानी भरतकाम शिकवतात. निळं कापड, पांढरा जाड दोरा आणि सरळ धावदोरा. मी चौथी शिकलेला म्हातारा, तिथं एकटाच पुरुष. ही गेली, मागं तिची गोधडी राहिली, ती आता विरलीय. ती मलाच सांधायची आहे. दुसऱ्या कुणाचा हात तिला लागू देणार नाही.

तिथं एक गोष्ट मी नेहमी बघतो. दोरा संपला की बाई मान वर न करता सुई शेजारणीकडं धरते. शेजारीण ओवून परत देते. गप्पा तुटत नाहीत. सुई कुणाकडं धरायची हे ठरलेलं असलं, की मान वर करावी लागत नाही.

काल माझा दोरा काही केल्या नेढ्यातून जाईना. शेजारच्या सुमनबाई म्हणाल्या, "आणा इकडं, आजोबा. संध्याकाळ होईल."

"माझे डोळे शाबूत आहेत."

"मग ही माझी पण ओवा की!"

सगळ्या हसल्या. मी माझीच सुई त्यांच्या हातात दिली.

ही होती तेव्हा घरी सुई घेऊन माझ्याकडं यायची. "अहो, एवढी ओवून द्या." मला तिच्यापेक्षा चांगलं दिसतं याचा कोण तोरा! ती म्हणायची, "दिसतंय तोवर मिरवा."

आज दुपारी घरी एकट्यानंच गोधडी मांडीवर घेतली. चार बोटं शिवण झाली आणि दोरा संपला. मान खालीच होती. हात सुई घेऊन आपोआप बाजूला गेला.

अवघडला, तरी मागं घ्यावासा वाटेना.